ग्रंथ मुक्त, प्रत कुलूपबंद

बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. मरणोत्तर ग्रंथावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो; म्हणजे तो 2017 अखेर संपला. तेव्हा इंदापूर तालुक्यातील बावड्याच्या उपासकाने मूळ इंग्रजी ग्रंथाची संगणकीय प्रत विहारात वाटली, तर तो अपराध नव्हे. मराठी अनुवादावर मात्र अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो व तो त्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे चालतो. डिजिटल ग्रंथालयातील प्रतींच्या सांकेतिक कुलपास 2012 च्या दुरुस्तीतील कलम 65-अ संरक्षण देते, पण ते जिवंत हक्कांपुरतेच. अदिन्नादानापासून विरत राहणारा उपासक अनुवादकाचा हक्क पाळील. परंतु जी संपदा सर्वांची झाली, तिलाही कुलूप घालणे हे धम्मदानाशी विसंगत होय, असे आम्हास वाटते.