निर्जन, पण रिकामा नव्हे

‘निर्जन’ हा शब्द आपण बहुधा ‘रिकामा’ या अर्थाने वापरतो. जेथे माणसे नाहीत तेथे काहीच नाही, अशी आपली एक सोयीची समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे हे पाहावयाचे असेल तर रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर जावे. फेब्रुवारीत आम्ही चौघे मित्र तेथे दोन दिवस राहून आलो. तेथे जे पाहिले आणि त्यामागची जी कारणे समजून घेतली, ती येथे थोडक्यात मांडतो.

आम्ही रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वरकडून गेलो. तेथे देवळामागच्या पायऱ्या उतरून कड्याखालून प्रदक्षिणा घालता येते, पण केवळ ओहोटीच्या वेळी. भरतीला त्याच खडकांवर लाटा अशा फुटतात की तेथे पाऊल ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ. पुढे बागमांडल्याला फेरीबोटीत बसून सावित्रीची खाडी ओलांडली, वेसवीला उतरलो आणि बाणकोटच्या किल्ल्याजवळून वेळासला पोहोचलो. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. नारळी-पोफळीच्या आगरांत दडलेल्या या गावातून समुद्र दिसत नाही. बरेच चालून सुरूचे बन ओलांडले की एकदम वाळूचा लांबच लांब पट्टा समोर येतो.

खाडीच्या एका बाजूस काळाकभिन्न खडक आणि दुसऱ्या बाजूस मऊ वाळू, असे का व्हावे? याचे उत्तर लाटांच्या वागण्यात आहे. किनाऱ्याजवळ पाणी उथळ होऊ लागले की लाटेचा वेग मंदावतो व ती वळते. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेभोवती लाटा एकवटतात आणि खडक झोडपून काढतात. दोन सोंडांमधल्या आत वळलेल्या भागात मात्र त्यांचे बळ पसरते, म्हणून तेथे वाळू टिकते. मूठभर वाळू हातात घेऊन पाहिली तर तिच्यात काळे कण आणि शिंपल्यांचा पांढरा चुरा दिसतो. काळ्या कणांपैकी काही चुंबकाला चिकटतात. ते सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे वंशज. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. त्या डोंगराची झीज नद्या-ओढ्यांनी खाली आणावी आणि समुद्राने किनाऱ्यावर मांडावी, असा हा हजारो वर्षांचा व्यवहार आहे.

‘एवढी जागा नुसती पडून आहे,’ असे आमच्यातला एक जण म्हणाला. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनी हसून उत्तर दिले, ‘पावसाळ्यात येऊन बघा, म्हणजे कळेल जागा कोणाची ते.’ त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. पावसाळ्यातील उंच लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात व थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालतात. पुढच्या लाटा या बांधावरच फुटतात, आणि त्यामुळे किनाऱ्यावरचा मारा कमी होतो. पावसाळा सरला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणजे किनारा ही एक ठेव आहे. अडचणीच्या दिवसांत काढायची आणि सुगीत पुन्हा भरायची.

या ठेवीचा राखणदार म्हणजे मर्यादवेल. वाऱ्याने उडालेली कोरडी वाळू तिच्या पानांत अडते, मुळांत बांधली जाते आणि तिच्या टेकड्या होतात. ज्याने कोणी हे नाव ठेवले त्याने समुद्राची मर्यादा कोठे असते हे नीट पाहिले असले पाहिजे.

याच वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. मादी रात्री येते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालून वाळू लोटते आणि परत जाते. सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. वाळू अधिक उष्ण असेल तर माद्या अधिक, थंड असेल तर नर अधिक निपजतात. पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने धावतात. म्हणूनच किनाऱ्यामागे दिवे लागले तर ती चुकीच्या दिशेला जातात. पूर्वी येथे ही अंडी काढून नेली जात. 2002 पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने ती राखण्यास सुरुवात केली. सकाळी टोपली उचलली आणि तळहाताहून लहान पिल्ले पाण्याकडे सरकू लागली, तेव्हा दोरीमागे उभी असलेली सारी मंडळी एकदम गप्प झाली.

परंतु कासवे राखली म्हणजे किनारा राखला असे नाही. समुद्राच्या भीतीने भिंत बांधली की लाट तिच्यावर आपटून परत फिरते आणि पायथ्याची वाळू खणून नेते. खाडीतून वाळू उपसली की ठेवीत भर पडणे कमी होते. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवे बांधकाम सर्वसाधारणपणे वर्ज्य ठरविले. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात हे अंतर 50 मीटरवर आणले. किनारी गावांतील लोकांना घरे हवीत, रोजगार हवा, हे नाकारता येणार नाही. वेळासमध्ये तर कासवे पाहावयास येणाऱ्यांमुळेच अनेक घरांना चार पैसे मिळतात. प्रश्न एवढाच, की समुद्राला मागेपुढे सरकण्यासाठी लागणारी जागा आपण मोकळी ठेवणार की नाही.

भूगोलाच्या पुस्तकात किनारा म्हणजे नकाशावरची एक रेघ असते. प्रत्यक्षात तो एक रुंद पट्टा आहे आणि वर्षभर तो हलत असतो. आपल्यापैकी अनेक जण सुट्टीत कोकणात जातात. निर्जन किनारा दिसला तर तेथे जरूर बसावे, रात्री विजेरी विझवावी आणि मर्यादवेलीवरून चालू नये. ती जागा वापरात आहे.