पावसाची वही आणि शेल स्क्रिप्ट

शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे. मुरबाडच्या टोकाला माळशेज घाट. इथे पावसाचा हिशेब हवाच. समजा, दोन्ही तालुक्यांच्या नोंदी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहेत: तारीख, ठिकाण, मिलिमीटर.

पहिली अडचण तारखेची. आपण दिवस आधी लिहितो आणि संगणक अक्षरे डावीकडून ताडून पाहतो. त्यामुळे ०१-०७-२०२४ ही तारीख ३०-०६-२०२४ च्या आधी लागते. ‘सेड’ या आज्ञेने तुकडे उलटवून वर्ष-महिना-दिवस असा क्रम केला, की ‘सॉर्ट’ची रांग बिनचूक लागते. देवनागरी अंकही सेडनेच आधी इंग्रजी करून घ्यावेत. लिनक्सच्या ‘डेट’ला ते कळत नाहीत. शिवाय ०३/०७/२०२४ असे लिहिले, तर डेट ३ जुलै नव्हे, ७ मार्च समजते!

दुसरी गोम वेळेची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे १ जुलैच्या नोंदीत बराचसा पाऊस ३० जूनचा असतो. डेटला ‘एक दिवस मागे’ सांगितले, की महिनाअखेर आणि लीप वर्ष तीच सांभाळते.

शेवटी ‘ऑक’ महिनावार बेरीज करते. १९७७ मध्ये बेल लॅब्समध्ये जन्मलेल्या या भाषेचे नाव तिच्या तीन कर्त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांचे.

या आज्ञा एका फाइलीत क्रमाने लिहिल्या, की झाली शेल स्क्रिप्ट. पुढच्या पावसाळ्यात तीच पुन्हा चालवायची. मूळ फाइलीची प्रत मात्र आधी जपून ठेवावी.