एका तारेवरच्या दोन सोयी

टेलिफोनवर बोलणे चालू असताना दुसरा कॉल आला तर कानात बारीक टूं-टूं वाजावे, ही एक सोय: कॉल वेटिंग. लाइन गुंतलेली असेल तर येणारा कॉल आपोआप दुसऱ्या क्रमांकावर जावा, ही दुसरी सोय: बिझी असताना कॉल फॉरवर्डिंग. दोन्ही आपापल्या जागी बिनचूक चालतात. एकाच ग्राहकाने दोन्ही घेतल्या की मात्र एक्सचेंजपुढे पेच पडतो. बोलणे चालू आहे आणि तिसऱ्याचा कॉल आला आहे. आता कानात आवाज द्यायचा की कॉल पुढे पाठवायचा? पहिल्या सोयीच्या लेखी लाइनवर अजून एका कॉलला जागा आहे, दुसरीच्या लेखी लाइन भरलेली आहे. कोणत्याही प्रोग्राममध्ये चूक नाही, तार तुटलेली नाही, तरीही काय करायचे ते यंत्राला ठाऊक नाही.

अशा पेचाला दूरसंचार आणि सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात ‘फीचर इंटरॅक्शन’ म्हणतात. एक सोय दुसरीच्या वागण्यात ढवळाढवळ करते आणि दोघींच्या बेरजेतून कोणीच न मागितलेले असे काही घडते. सगळीच ढवळाढवळ वाईट नसते. काही सोयी एकमेकींवर आधारूनच उभ्या असतात. त्रास होतो तो नको असलेल्या, आधी कोणाच्या ध्यानात न आलेल्या गुंत्याचा.

सिव्हिल लाइन्समधल्या, म्हणजे जबलपूर स्टेशनलगतच्या जुन्या बंगल्यांच्या वस्तीतल्या, एखाद्या घरचा लँडलाइन डोळ्यांपुढे आणावा. काळ एसटीडी, म्हणजे परगावी थेट लावलेला कॉल, महाग असण्याचा. जबलपुरातल्या पुष्कळ मराठी घरांचे नातेवाईक नागपूरला, त्यामुळे ०७१२ हा कोड घरात सर्वांना पाठ. बिल आवाक्यात राहावे म्हणून घरच्या कर्त्याने दूरसंचार खात्याच्या ‘फोन प्लस’ सुविधांमधला एसटीडी लॉक लावला आहे. गुप्त क्रमांक त्याच्याखेरीज कोणाला माहीत नाही. आता घरातल्या कोणी त्याच फोनवरचे कॉल नागपूरच्या क्रमांकावर फॉरवर्ड करून ठेवले आणि शेजारच्या घरातून या घरी फोन लावला, तर शेजाऱ्याच्या दृष्टीने तो लोकल कॉल झाला. पण जबलपूर ते नागपूर हा पुढचा टप्पा फॉरवर्ड करणाऱ्याच्या खात्यावर पडतो. लॉकचे काम होते या फोनवरून एसटीडी लावू न देणे. तसे पाहिले तर या फोनवरून कोणी काहीच डायल केले नाही. मग लॉक पाळला गेला की मोडला? शब्दशः पाळला गेला, हेतूने मोडला. एक्सचेंजच्या प्रोग्राममध्ये हे आधीच ठरवून ठेवले नसेल, तर जे घडेल ते केवळ योगायोगाने घडेल.

या एका उदाहरणात विषयाचे मर्म आहे. सोय लिहिणारा अभियंता एक गृहीत धरून चालतो: दूरचा कॉल म्हणजे या फोनवरून डायल केलेला कॉल. पुढे दुसरा अभियंता दुसरी सोय लिहितो आणि ते गृहीतच खोटे पडते. पहिल्याला ते कळत नाही, दुसऱ्याला पहिले गृहीत माहीत नसते.

जबलपूर हे गाव या विषयाला परके नाही. दूरसंचाराच्या प्रशिक्षणाचे केंद्र येथे १९४२ साली सुरू झाले. रिज रोडवरची ही संस्था आज भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखली जाते आणि भारत संचार निगमची शिखर प्रशिक्षण संस्था आहे. जुन्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी ती अजूनही ‘टीटीसी’च. या संस्थेच्या आयुष्यातच भारतीय टेलिफोन खडखडणाऱ्या यांत्रिक स्विचांवरून सॉफ्टवेअरवर आला. यांत्रिक एक्सचेंजमध्ये नवी सोय द्यायची म्हणजे रिले आणि तारा वाढवायच्या, त्यामुळे सोयी मोजक्याच असत. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या सकासुना येथे १९६५ साली प्रोग्रामवर चालणारे मोठे एक्सचेंज सुरू झाले, आणि सोय म्हणजे प्रोग्रामच्या आणखी काही ओळी असा काळ आला. भारतात हा बदल १९८०च्या दशकात झाला. १९८४ मध्ये सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधनसंस्थेची स्थापना झाली, तर उत्तर प्रदेशातल्या मनकापूरच्या कारखान्यात फ्रेंच तंत्रज्ञानाची ई-१०बी एक्सचेंजे बनू लागली. सोयी स्वस्त झाल्या, म्हणून त्या वाढल्या, आणि वाढल्या म्हणून एकमेकींच्या पायांत येऊ लागल्या.

‘फीचर इंटरॅक्शन’ हे नाव त्याच दशकात अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधनसंस्थेत रूढ झाले. १९९२ साली फ्लोरिडात या एकाच प्रश्नावर पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. पुढच्या वर्षी जेन कॅमेरॉन, नॅन्सी ग्रिफेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गुंत्यांची एक नमुनायादी प्रसिद्ध केली. नवी पद्धत निघाली की ती या यादीवर घासून पाहायची, असा रिवाज पडला. यादीचे मोल उदाहरणांपेक्षा कारणांच्या वर्गवारीत जास्त आहे. काही गुंते मोडलेल्या गृहीतांमुळे होतात, जसे नागपूरच्या कॉलचे. काही जाळ्याच्या तोकडेपणामुळे होतात. काही मात्र अनेक यंत्रे एकाच वेळी, एकमेकांना न विचारता काम करतात म्हणून अटळ असतात.

तोकडेपणाचा अनुभव सर्वांना आहे. टेलिफोनवर आकड्यांची दहा बटणे, स्टार, हॅश आणि क्रेडल क्षणभर दाबून सोडण्याचा ‘फ्लॅश’, एवढ्याच खुणांनी ग्राहक एक्सचेंजशी बोलतो. कॉल वेटिंगमध्ये फ्लॅशचा अर्थ ‘थांबलेला कॉल घे’. तिघांच्या संभाषणात फ्लॅशचा अर्थ ‘तिसऱ्याला जोड’. तिघे बोलत असताना चौथ्याचा कॉल आला आणि फ्लॅश दाबला, तर ग्राहकाला काय हवे आहे हे त्या एका खुणेवरून सांगता येत नाही. हॉटलाइनचा पेच तर याहून मुळाशी जाणारा. रिसीव्हर उचलताच ठरलेला क्रमांक लागावा अशी सोय घेतली, की ती बंद करण्याचा कोड डायल करायलाही वाव उरत नाही. यावरचा उपाय साधा आणि सुंदर आहे. रिसीव्हर उचलल्यावर यंत्राने काही सेकंद थांबायचे. तेवढ्या वेळात काही डायल झाले नाही, तरच हॉटलाइन चालू करायची.

इंटरनेट भारतात सर्वसामान्यांसाठी १९९५ मध्ये आले आणि मोडेमने टेलिफोनच्याच तारेवर घर केले. मोडेम आपली माहिती आवाजाच्या रूपात पाठवत असे. त्याच तारेवर कॉल वेटिंगची टूं-टूं वाजली की जोडणी बिघडे किंवा तुटे. माणसासाठी केलेली सूचना यंत्राच्या कानात गोंगाट ठरली. कॉल वेटिंग बंद ठेवणे एवढाच इलाज हाती होता. पुढे ब्रॉडबँड आले तेव्हा वाटणीच वेगळी केली. बोलण्याला साधारण ४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा, इंटरनेटला २५ किलोहर्ट्झच्या वरचा, आणि मध्ये स्प्लिटर नावाची छोटी डबी. गुंता सोडवण्यापेक्षा तो होऊच न देणे, हा या शास्त्रातला सर्वांत भक्कम मार्ग, आणि भिंतीवरची ती डबी त्याचे सर्वांत स्वस्त उदाहरण.

पण प्रत्येक सोयीला स्वतंत्र तार देता येत नाही. मग जोड्या तपासाव्या लागतात. १० सोयी असतील तर ४५ जोड्या, ५० असतील तर १,२२५. तीन-तीन एकत्र आल्यावरच दिसणारे गुंतेही असतात, आणि ५० सोयींचे असे १९,६०० गट पडतात. शिवाय दोन सोयी दोन वेगळ्या ग्राहकांकडे, दोन वेगळ्या कंपन्यांच्या जाळ्यांत असू शकतात. हे आकडे पाहिले की चाचणीवर सारा भरवसा का ठेवता येत नाही ते स्पष्ट होते.

मोबाइलच्या जीएसएम मानकांनी येथे शिस्तीचा मार्ग घेतला. प्रत्येक पूरक सेवेच्या वर्णनात ‘इतर सेवांशी संबंध’ असा स्वतंत्र भाग ठेवला आणि एकेक जोडीचा निवाडा लिहून टाकला. सुरुवातीच्या पेचाचे उत्तर तेथे मिळते. कॉल वेटिंग चालू असेल तर कानात सूचना आधी द्यायची. ग्राहकाने तो कॉल नाकारला तर लाइन बिझी समजायची आणि मग कॉल फॉरवर्ड करायचा. बोलता बोलता ‘नाकारा’ दाबले की दुसरा कॉल ठरवून दिलेल्या क्रमांकावर जातो, त्यामागे हाच लेखी निवाडा असतो. बाहेर जाणारे सर्व कॉल बंद करून ठेवले असतील, तर फॉरवर्डिंग सुरूच करू द्यायचे नाही, हाही असाच एक निवाडा. सिव्हिल लाइन्समधल्या त्या लॉकचा प्रश्न मोबाइलपुरता असा सुटला. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात कोणाचे नाव होत नाही, पण रोजचे अब्जावधी कॉल त्याच्याच आधारावर सुरळीत लागतात.

दुसरा मार्ग रचनेचा. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीत पामेला झेव्ह आणि मायकेल जॅक्सन या संशोधकांनी १९९८ मध्ये तो मांडला. त्यांच्या रचनेत प्रत्येक सोय म्हणजे कॉलच्या वाटेवरचा एक स्वतंत्र नाका. कॉल एका नाक्यावरून दुसऱ्यावर जातो, आणि प्रत्येक नाका येणारी खूण अडवतो, बदलतो किंवा तशीच पुढे सोडतो. आपल्यापुढे कोणते नाके आहेत हे ठाऊक असण्याची त्याला गरज नसते. ठरवायचा असतो तो फक्त नाक्यांचा क्रम. नवी सोय आणायची तर सगळा प्रोग्राम न उकलता ती क्रमात कुठे बसवायची एवढाच विचार करायचा. क्रम कोणता हवा हे मात्र माणसानेच सांगायचे.

तिसरा मार्ग यंत्राकडूनच तपासणी करून घेण्याचा. बेल लॅब्जमधले जेरार्ड होल्झमन यांनी ‘स्पिन’ नावाचे साधन तयार केले. ते व्यवस्थेच्या सगळ्या संभाव्य स्थिती पद्धतशीरपणे धुंडाळते आणि नियम मोडणारी वाट सापडली की ती पायरीपायरीने दाखवते. ल्यूसेंट कंपनीच्या पाथस्टार या स्विचचा कॉल जोडणारा खराखुरा प्रोग्राम त्यांनी याच साधनाने तपासला. पण साधनाला नियम आधी सांगावे लागतात. कोणाच्या मनात न आलेला नियम मोडला गेला, तर तो त्यालाही दिसत नाही.

असा निसटलेला नियम किती महाग पडू शकतो, ते इंटरनेटवरून कॉल जोडणाऱ्या सिप या पद्धतीत दिसले. २००२ च्या सिप मानकात कॉलची विनंती फेऱ्यात अडकली का हे तपासणे ऐच्छिक केले होते. त्याऐवजी विनंतीने जास्तीत जास्त ७० टप्पे घ्यावेत अशी मर्यादा सुचवली होती. मर्यादा आहे, म्हणजे धोका नाही, असे वाटणे स्वाभाविक होते. त्याच मानकात आणखी एक सोय होती: एक विनंती एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी वाजवण्याची. दोन ग्राहकांनी आपले कॉल स्वतःकडे आणि एकमेकांकडे असे दोन्हीकडे फॉरवर्ड केले, तर प्रत्येक टप्प्यावर विनंत्या दुप्पट होतात. सत्तराव्या टप्प्याला हा आकडा एकावर एकवीस शून्यांच्या घरात पोचतो. ७० ही मर्यादा एकेरी वाटेसाठी पुरेशी होती, फाटे फुटणाऱ्या वाटेसाठी ती निरर्थक होती. २००८ मध्ये दुरुस्ती आली आणि विनंतीला फाटे फोडणाऱ्या यंत्रांना फेरा तपासणे पुन्हा सक्तीचे झाले.

ईमेलमध्ये हाच रोग सौम्य स्वरूपात दिसतो. दोघांनीही ‘रजेवर आहे’ असे आपोआप उत्तर ठेवले, तर दोन यंत्रे एकमेकांना उत्तरे देत राहू शकतात. म्हणून २००४ मध्ये असे ठरले की आपोआप गेलेल्या पत्रावर तशी खूण असावी आणि खूण असलेल्या पत्राला आपोआप उत्तर देऊ नये.

भारतात अशा गुंत्याचा मोठा फटका ८ मार्च २०२१ रोजी बसला. नको असलेले व्यापारी एसएमएस रोखण्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांनुसार एक गाळणी बसवली होती. कंपन्यांनी आपल्या संदेशांचे मजकूर आधी नोंदवायचे, आणि नोंदीशी न जुळणारा संदेश मोबाइल कंपन्यांनी अडवायचा. त्या दिवशी गाळणी पूर्ण चालू झाली. बँका आणि सरकारी सेवा यांचे अनेक ओटीपी तिच्यात अडकले, कारण त्यांचे मजकूर नोंदवलेलेच नव्हते किंवा नोंदीशी तंतोतंत जुळत नव्हते. गाळणी सांगितल्याप्रमाणेच वागत होती, ओटीपी पाठवणारी यंत्रणाही. व्यवहार मात्र खोळंबले. दुसऱ्याच दिवशी ट्रायने गाळणी सात दिवसांसाठी थांबवली.

दुसरे उदाहरण फसवणुकीचे आहे. ओटीपी बोलून सांगणारा कॉल ही एक सोय, कारण एसएमएस पोचला नाही तर तो कामी येतो. फोनवर स्टार-चारशे-एक आणि पुढे क्रमांक दाबून कॉल दुसरीकडे वळवणे ही दुसरी. ठग स्वतःला कंपनीचा कर्मचारी म्हणवून, तुमच्या सिमची अडचण दूर करतो असे सांगून ग्राहकाकडूनच तो कोड दाबून घेत. त्यानंतर ओटीपीचा कॉल थेट ठगाच्या फोनवर वाजे. ओटीपीच्या सोयीचे गृहीत होते की या क्रमांकावरचा कॉल या क्रमांकाचा मालकच उचलतो. फॉरवर्डिंगची सोय तर त्या गृहीताला छेद देण्यासाठीच जन्मली आहे. दूरसंचार विभागाने मार्च २०२४ मध्ये आदेश काढून १५ एप्रिलपासून असे कोड दाबून मिळणारे कॉल फॉरवर्डिंग बंद करायला लावले, आणि ज्यांना ते हवे आहे त्यांना इतर मार्गांनी सुरू करून देण्यास कंपन्यांना सांगितले.