विद्युत् मोटारगाडी उद्योगातील गुंतवणूक

विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांच्या निर्मितीत गुंतविलेले भांडवल व त्यातील जोखीम. कारखाना, यंत्रसामग्री व घटमाला यांवर विक्रीपूर्वीच प्रचंड खर्च होत असल्याने कंपनीच्या भागांची किंमत चालू नफ्यापेक्षा भावी उत्पादनाच्या अपेक्षेवर ठरते. अमेरिकेतील रिव्हियन कंपनीने नोव्हेंबर २०२१ मध्ये ७८ डॉलर दराने भाग विकून सु. १,२०० कोटी डॉलर उभारले. त्या वर्षी तिने जेमतेम १,०१५ गाड्या बनविल्या. तरीही तिचे बाजारमूल्य काही काळ फोर्ड कंपनीहून अधिक होते. २०२२ अखेर भाग २० डॉलरांखाली उतरला. आगाऊ मागणीविषयीची लॉर्ड्सटाउन कंपनीची काही विधाने अचूक नव्हती, हे तिच्याच चौकशी समितीला २०२१ मध्ये आढळले. २०२३ मध्ये तिने दिवाळखोरी पत्करली. अशा वेळी धनकोंची देणी आधी भागविली जात असल्याने सामान्य भागधारकाच्या हाती क्वचितच काही उरते. हा अनुभव जुनाच आहे : १८९७ मध्ये स्थापन झालेली, विद्युत् टॅक्सी चालविणारी इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी १९०७ मध्ये बुडाली. २०१० मध्ये भागविक्री करणाऱ्या टेस्ला कंपनीने ४६·५ कोटी डॉलरांचे सरकारी कर्ज २०१३ मध्ये मुदतीपूर्वी फेडले. मात्र पूर्ण वर्षाचा नफा तिलाही प्रथम २०२० मध्येच झाला.