पोलाद मऊ कसे होते?

कानस तुम्ही पाहिली असेलच. सुतार तिने करवतीचे दात धारदार करतो. लोहार लोखंडाच्या कडा तिने घासून गुळगुळीत करतो. जी लोखंडालाही झिजवते, ती स्वतः किती कठीण असली पाहिजे! परंतु तिचे दात एकदा बोथट झाले, की ती निरुपयोगी ठरते आणि कोपऱ्यात गंजत पडते. तिच्यातील पोलाद मात्र उत्तम असते. त्याचा चाकू करता येईल, पटाशी करता येईल. पण ते कापावे कसे? करवतीचे पाते त्यावरून घसरते व भोक पाडू गेल्यास ड्रिलचे टोक झिजते. म्हणून प्रथम ते पोलाद मऊ करावे लागते. त्यासाठी ते योग्य तेवढे तापवून अगदी सावकाश निवू द्यावयाचे असते. शास्त्रात या क्रियेला अनुशीतन म्हणतात. कारखान्यातील कारागीर तिला ॲनीलिंग म्हणतात.

अशा रीतीने पोलाद मऊ का होते, ते आता पाहू. पोलाद हे मुख्यतः लोखंड आणि कार्बन यांचे बनलेले असते. साध्या खिळ्यात शंभर भागांत पाव भागाहूनही कमी कार्बन असतो. कानशीत तो सुमारे एक भाग किंवा किंचित अधिक असतो. एवढ्याशा कार्बनाने मोठा फरक पडतो. पोलाद सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापले, की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बनाचे अणू तिच्यात विरघळून पसरतात.

मधल्या सुट्टीत सर्व वर्गांची मुले मैदानावर मिसळलेली असतात. घंटा झाल्यावर पुरेसा वेळ मिळाला, तर ती आपापल्या वर्गात नीट जाऊन बसतात. पण घंटा होताच सारी दारे बंद केली, तर जो तो आहे तेथेच अडकेल व दाटी होईल. लालबुंद पोलाद एकदम पाण्यात बुडवले, म्हणजे कार्बनाची अशीच कोंडी होते आणि पोलाद अतिशय कठीण, पण ठिसूळ बनते. तेच सावकाश निवले, तर कार्बन लोखंडाशी संयोग पावून वेगळा होतो, आतील ताण जातो व पोलाद मऊ होते.

हे सारे मी पुस्तकात वाचले होते. सेवानिवृत्तीनंतर परसातील आंब्याची कलमे बांधण्यासाठी स्वतः एक चाकू करावा, असे मनात आले. घरात तीन जुन्या कानशी होत्या. त्यांतील एक माझे वडील वापरीत असत. ती मी शेवटासाठी राखून ठेवली. विटा रचून शेगडी केली, लाकडी कोळसे आणले आणि वारा घालण्यास हाताने फिरवायचा पंखा घेतला.

पहिली कानस लाल होताच मी ती घमेल्यातील राखेत पुरली. पावसाळ्याचे दिवस होते. राखेतून ‘चर्र’ असा आवाज आला, थोडी वाफही उठली. मी तिकडे लक्ष दिले नाही. राख दमट होती! तिच्यामुळे कानस कोठे सावकाश निवली, तर कोठे एकदम थंड झाली. दुसऱ्या दिवशी मी भोक पाडू लागलो, तो ड्रिलचे टोक काडकन मोडले आणि त्याचा तुकडा उडून माझ्या चष्म्यावर आदळला. काच तडकली, पण डोळा वाचला. चष्मा नसता, तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. कानस मऊ झाली की नाही, हे दुसऱ्या चांगल्या कानशीने जागोजागी घासून आधीच कळले असते. जेथे ती घसरते, तेथे पोलाद कठीणच राहिलेले असते.

दुसऱ्या खेपेस राख वाळवून घेतली. परंतु शेगडी पेटवली ती भर दुपारी, अंगणात. उन्हात पोलादाची लाली फिकी दिसते. अजून पुरेसे तापले नाही, असे वाटून मी पंखा फिरवीतच राहिलो. अखेर कानशीतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या. पोलाद जळत होते! निवल्यावर हातोडीच्या हलक्या ठोक्याने तिचे दोन तुकडे झाले. मोडलेल्या जागी खडीसाखरेसारखे मोठे, चमकणारे कण दिसले. अतिउष्णतेने पोलादाचे कण वाढतात व ते ठिसूळ होते. नुसते कण वाढले असतील, तर ते पुन्हा नीट तापवून सुधारता येते. जळलेले पोलाद मात्र कशानेही सुधारत नाही.

आता वडिलांची कानस तेवढी उरली. तिला हात घालण्यापूर्वी मी आठ दिवस थांबलो. संध्याकाळी पडवीत, सावलीत शेगडी पेटवली. या पोलादाच्या अणूंची मांडणी बदलते, त्याच सुमारास त्याला लोहचुंबक चिकटेनासा होतो. म्हणून लांब तारेला बांधलेला चुंबक मधून मधून लावून पाहत होतो. तो चिकटेनासा झाल्यावर किंचित अधिक आच दिली आणि ती गाभ्यापर्यंत पोहोचावी म्हणून थोडा वेळ थांबलो. कानस पातळ असल्याने लवकर निवते. यास्तव एक जाड लोखंडी कांब तिच्याबरोबरच तापवली होती. दोन्ही एकमेकींलगत कोरड्या, चाळलेल्या, ऊन राखेत पुरल्या आणि रात्रभर तिकडे फिरकलो नाही. सकाळी संरक्षक चष्मा लावून कानस घासून पाहिली. पोलाद सर्वत्र सारखे झिजू लागले!

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पोलाद विस्तवात फार वेळ राहिल्यास वरच्या थरातील कार्बन जळून जातो व खपली धरते. काही मिश्रपोलादे तर नुसत्या हवेत निवतानाही कठीण होतात. त्यांवर ही घरगुती युक्ती चालत नाही. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड विस्तवात घालू नये. त्याचा धूर विषारी असतो. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नये, कारण तिच्या वायूला वास नसतो, पण तो प्राण घेऊ शकतो. लाली गेलेले काळे पोलादही हात भाजण्याइतके तप्त असते. म्हणून हे काम जाणत्या माणसाबरोबरच करावे.

मऊ पोलादाला धार टिकत नाही. त्यामुळे चाकूला आकार दिल्यावर ते पुन्हा तापवून, तेलात बुडवून कठीण करावे लागते. मग सुमारे २०० अंशांपर्यंत तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. हत्याराला पाणी देणे म्हणतात ते हेच. माझ्या चाकूलाही असे पाणी दिले. आजवर त्याने कितीतरी कलमे बांधली आहेत. त्याच्या मुठीजवळ कानशीच्या दातांच्या पुसट रेषा अजून दिसतात. त्या मी मुद्दामच घासून काढलेल्या नाहीत.