नळ्यांची जुडी बाहेर काढताना

मुंबई-गोवा महामार्गाने खेडहून चिपळूणकडे जाताना परशुराम घाटाच्या अलीकडे लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत लागते. येथे मुख्यतः रासायनिक कारखाने आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक विद्यार्थ्यांच्या घरचे कोणी ना कोणी अशा कारखान्यांत कामाला असते. ‘सध्या शटडाऊन चालू आहे’ हे वाक्य या मुलांनी घरी ऐकलेले असते. उत्पादन थांबवून यंत्रे उघडायची, साफ करायची आणि तपासायची, हा तो काळ. त्यातलेच एक जोखमीचे काम म्हणजे उष्णता विनिमयकातील नळ्यांची जुडी बाहेर काढणे. कारखान्यात या यंत्राला हीट एक्स्चेंजर म्हणतात. या कामातील खबरदारीचे जे नियम आहेत, त्यांच्यामागे शाळेत शिकवले जाणारे पदार्थविज्ञानच आहे.

प्रथम रचना पाहू. एका लांबट पोलादी पिंपात शेकडो बारीक नळ्या एकमेकींना समांतर बसवलेल्या असतात. नळ्यांची टोके भोके पाडलेल्या जाड तबकडीत घट्ट बसवतात. एक द्रव नळ्यांच्या आतून वाहतो, दुसरा बाहेरून. ते मिसळत नाहीत. उष्णता मात्र नळीच्या भिंतीतून जाते. १९ मिलिमीटर व्यासाच्या, ६ मीटर लांबीच्या ५०० नळ्या घेतल्या, तर त्यांचा बाह्य पृष्ठभाग सुमारे १७९ चौरस मीटर भरतो. सहा बाय आठ मीटरच्या जवळजवळ चार वर्गखोल्यांची जमीन एका पिंपात मावली!

हा पृष्ठभाग स्वच्छ राहिला तरच उपयोग. पण नळ्यांवर क्षार साचतात, गाळ बसतो. थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी वापरले, तर बंदरातील धक्क्याच्या खांबांवर जशी कालवे बसतात, तसे सागरी जीव येथेही बस्तान मांडू पाहतात. धातू गंजतो, नळीला बारीक भोक पडते आणि दोन द्रव मिसळू लागतात. म्हणून जुडी बाहेर काढून पाहावी लागते.

येथे सर्वांत मोठा धोका न दिसणाऱ्या गोष्टीचा असतो. यंत्र बंद असले, तरी आतील ऊर्जा संपलेली असतेच असे नाही. ११ जून २००८ रोजी अमेरिकेत ह्यूस्टन येथील गुडइयर कंपनीच्या कारखान्यात काय झाले ते पाहा. तेथील विनिमयकात नळ्यांबाहेर अमोनिया होता. आदल्या दिवशी दुरुस्तीसाठी सुरक्षा झडपेकडे जाणारी वाट बंद केली होती. ती पुन्हा उघडली गेली नाही. दुसऱ्या दिवशी दाब नियंत्रित करणाऱ्या झडपेची वाटही बंद झाली आणि नळ्या साफ करण्यासाठी त्यांतून वाफ सोडली गेली. कोंडलेला अमोनिया तापला, दाब वाढत गेला आणि विनिमयक फुटला. एका महिला कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. सगळे सुखरूप आहेत असे समजले गेले होते; तिचा मृतदेह कित्येक तासांनी सापडला. द्रव अमोनियाच्या वाफेचा दाब २० अंश सेल्सिअसला वातावरणाच्या सुमारे साडेआठ पट असतो, तर ५० अंशांना सुमारे वीस पट. तापमानातील हा फरक आपल्याला किरकोळ वाटतो. बंद भांड्याला तो तसा नसतो.

म्हणून काम ठरावीक क्रमाने करतात. झडप बंद करणे पुरेसे नाही, कारण झडप गळू शकते किंवा कोणी चुकून उघडू शकते. नळमार्गाच्या जोडात भरीव चकती घालून वाट पक्की बंद करतात आणि झडपेला कुलूप लावतात. किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात राहते. मग दाब सोडून, द्रव काढून, आतील भाग धुतात. दाबमापकाचा काटा शून्यावर आला म्हणून निर्धास्त व्हायचे नाही. त्याची नळी गाळाने तुंबलेली असू शकते. बोल्ट सैल करतानाही आपल्यापासून दूरच्या बाजूचे आधी सैल करतात. काही उरले असेल तर ते अंगावर न येता पलीकडे उडावे, हा हेतू.

आता जुडी ओढायची. वरील ५०० नळ्यांच्या भिंती २.१ मिलिमीटर जाडीच्या असल्या, तर नुसत्या नळ्यांचेच वजन अडीच टनांहून अधिक होते. गाळामुळे अडकलेली जुडी ताण देऊनही हलत नाही आणि मग एकदम सुटते. म्हणून तिच्या समोर वा खाली कोणी उभे राहायचे नाही.

साफ केल्यावर डोळ्यांनी तपासणी होते. तांबे-निकेल किंवा टायटॅनियमच्या नळ्यांतून तारेचे एक लहान वेटोळे सरकवतात. त्यात प्रत्यावर्ती विद्युतधारा असते. फॅरडेच्या नियमानुसार नळीच्या भिंतीत भोवरे-प्रवाह निर्माण होतात. भिंत झिजलेली असेल तेथे ते बदलतात आणि यंत्रावर नोंद होते.

शेवटी दाबाची चाचणी. जुडी पिंपात परत बसवून नळ्यांभोवती पाणी भरतात आणि दाब वाढवतात. ज्या नळीच्या उघड्या टोकातून पाणी ठिबकते, ती फुटकी. तिची दोन्ही टोके बुचाने बंद करतात. पण पाणीच का? सायकलच्या ट्यूबचे पंक्चर आपण हवा भरूनच शोधतो की!

उत्तर आकड्यांत आहे. एक घनमीटर पाण्यावर वातावरणाच्या दहापट जादा दाब दिला, तर त्यात सुमारे २३० ज्यूल ऊर्जा साठते. भरलेली मोठी बादली कमरेपर्यंत उचलायला साधारण एवढीच लागते. तेवढ्याच जागेत, तेवढ्याच दाबाची हवा असेल, तर ती झटकन प्रसरण पावताना १३ ते १४ लाख ज्यूल ऊर्जा देते. दहा टनांचा ट्रक चार मजली इमारतीइतका वर नेण्यास ती पुरेल. पाण्याने भरलेले पिंप फुटले तर दाब क्षणात उतरतो. हवेने भरलेले फुटले तर स्फोट होतो. म्हणूनच पाणी भरताना वरच्या तोंडातून सगळी हवा बाहेर घालवतात.

वर्गात हे सहज दाखवता येते. सुई नसलेली प्लास्टिकची सिरिंज घ्या. आधी हवा भरून तोंड बोटाने दाबून धरा आणि दट्ट्या रेटून सोडा. मग पाणी भरून तेच करा. त्यानंतर पाण्यात मुद्दाम थोडी हवा ठेवा. दट्ट्या प्रत्येक वेळी किती मागे उसळतो, हे मुलांना मोजू द्या. वर्गात एखाद्याचे वडील शटडाऊनवर असतील, तर संध्याकाळी त्याने त्यांना एवढेच विचारावे, ‘चाचणीच्या आधी वरची हवा कशी काढता?’