येत होतं ते येईनासं होतं तेव्हा : ऑटिस्टिक मुलांमधलं बर्नआउट

पालकांच्याच एका वाक्यापासून सुरुवात करूया. "याला आधी सगळं येत होतं हो, आता येईनासं झालंय." आंघोळ, दप्तर भरणं, चार वाक्यं बोलणं, जे वर्षानुवर्षं मेहनतीने शिकवलं तेच निसटायला लागतं. घरातले म्हणतात, आळशी झालाय. शेजारी म्हणतात, लाडावलाय. प्रत्यक्षात ते मूल पार थकून गेलेलं असू शकतं.

आता, बर्नआउट म्हणजे नेमकं काय? जागतिक आरोग्य संघटना हा शब्द फक्त नोकरीतल्या ताणासाठी वापरते. ऑटिस्टिक बर्नआउट हे अजून अधिकृत निदान नाही. हा शब्द ऑटिस्टिक माणसांच्या बोलण्यातून आला. अमेरिकेतल्या डोरा रेमेकर या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रौढांच्या अनुभवांवरून तीन खुणा मांडल्या. एक, तीन महिने किंवा त्याहून जास्त टिकणारा खोल थकवा. दोन, येत असलेली कौशल्यं कमी होणं. तीन, आवाज, उजेड, स्पर्श आधीपेक्षा असह्य होणं. आपल्या मुलांमध्ये या खुणा दिसू लागल्या तर तीन महिने मोजत बसायचं नाही.

हे होतं कशामुळे? अपेक्षा जास्त, आधार कमी आणि विसावा नाही, म्हणून. समजा, सातवीतली एक मुलगी आहे. सकाळी व्हॅनमधली गर्दी आणि हॉर्न. मग साठ मुलांचा वर्ग, डोक्यावर गुणगुणणारा पंखा, टोचणारा गणवेश. त्यात ती दिवसभर स्वतःला आवरते. हात हलवायचे नाहीत, डोळ्यात बघायचं, सगळे हसले की हसायचं. याला मास्किंग म्हणतात, म्हणजे मुखवटा घालून वावरणं. संध्याकाळी क्लास, नंतर स्पीच थेरपी. शिक्षक सांगतात, "शाळेत तर अगदी शहाण्यासारखी असते." घरी आल्यावर ती दप्तर फेकते, किंचाळते किंवा पांघरूण घेऊन पडते. इथे आईला दोष दिला जातो. पण घरी मुखवटा काढता येतो, म्हणून थकवा घरी दिसतो, एवढाच त्याचा अर्थ.

आणि इथेच मोठी गफलत होते. मूल मागे पडतंय असं दिसलं की आपण काय करतो? अजून एक क्लास लावतो, थेरपी वाढवतो. म्हणजे ज्याच्या पाठीवर आधीच ओझं आहे त्याच्यावर आणखी एक पोतं ठेवतो. आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : बर्नआउटमध्ये आधी ओझं उतरवायचं, शिकवणं नंतर.

उतरवायचं म्हणजे कसं? आठवड्याचा कार्यक्रम कागदावर लिहा आणि काही काळ काय टाळता येईल ते खोडा. लग्नकार्य, मॉल, पाहुण्यांकडे जाणं हा आपल्याला विरंगुळा वाटतो, त्याला तो भार असू शकतो. गणपतीत ढोल-ताशांपासून लांबची खोली किंवा कानावर हेडफोन द्या. डोलणं, हात फडफडवणं थांबवू नका; त्यानेच ते स्वतःला सावरतं. बोलणं कमी झालं असेल तर चित्रं, लिहिणं, मोबाईलवर टाइप करणं, सगळं चालेल. त्याला रेल्वेची वेळापत्रकं आवडतात ना? बघू दे.

"मग दिवसभर मोबाईल द्यायचा का?" हा प्रश्न हमखास येतो. झोप आणि जेवण सांभाळा, पण पहिली लढाई मोबाईलशी करू नका. बऱ्याचदा तोच त्याचा एकमेव शांत कोपरा उरलेला असतो.

शाळेशीही बोलावं लागेल. काही दिवस अर्धा वेळ शाळा, प्रार्थनेच्या गर्दीतून सूट, बसायला एक शांत जागा, एवढ्यानेही फरक पडू शकतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींची तरतूद त्यात आहे. दहावीची वाट न बघता चौकशी सुरू करा.

एक सावधगिरी. प्रत्येक थकवा बर्नआउट नसतो. रक्तक्षय, थायरॉइड, झोपेचे त्रास, नैराश्य, फिट्स हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. बोलणं किंवा हालचाल अचानक बंद झाली, खाणंपिणं सुटलं, तर लगेच दाखवा. शाळेत छळ होतोय का, हेही बघा. आणि तरुण मूल "जगायचं नाही" म्हणालं, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर कधीही फोन करता येतो.

सुधारणा सावकाश होते. "शाळेत कधी जाणार?" हे माप लावू नका. झोप लागतेय का, आवडता विषय पुन्हा निघतोय का, हसू येतंय का, ते बघा. आणि एक दिवस चांगला गेला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे क्लास परत सुरू करू नका. एकेक गोष्ट, त्याला विचारून.

आता तुमचे प्रश्न घेऊया.